परसातली पक्की चूल

तात्या परबांच्या हाती कुठलीही वस्तू आली की ते आधी ती बोटाच्या पेराने वाजवून बघत. नारळ, कलिंगड, माठ आपणही वाजवतो. तात्या शेजाऱ्याकडे आलेला नवा कोरा टीव्ही वाजवत, लोखंडी कपाट वाजवत, दारं वाजवत. एकदा माझे सासरे पाय मोडून आमच्याकडे येऊन पडले होते. तात्या भेटायला आले, खुर्ची ओढून बसले आणि सासऱ्यांच्या पायाचं प्लास्टर वाजवून बघितलं. कान जरासा वाकडा करून आवाज ऐकला आणि निकाल दिला, "ठीक आहे. पण बरोबर नाय."

हा त्यांचा ठरलेला निकाल होता. माझा चहा, सरकारचं धोरण, पलीकडच्या बिल्डिंगचा रंग, सगळं ठीक होतं, पण बरोबर काहीच नव्हतं. सासऱ्यांचं प्लास्टर पुढे यथास्थित निघालं, ते चालायला लागले, जिना चढायला लागले. तात्यांनी आपलं मत काही बदललं नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या जरा अलीकडे, तात्यांचं बैठं कौलारू घर होतं. आजूबाजूला चार-चार मजल्यांच्या इमारती उठायला लागल्या होत्या आणि मधे हे घर हट्टाने बसून होतं. त्यातल्या बाजूच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मागे परस होतं. दोन नारळ, एक शेवगा, कपडे धुवायचा दगड. परस दोन्ही कुटुंबांचं सामाईक, त्यामुळे तिथे जे घडे ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसायचंच. मी डोकावत नव्हते, असं मी त्या काळात सगळ्यांना सांगत असे.

तात्या मरोळच्या एका कारखान्यात फिटर होते. बुटके, रुंद, मान जवळजवळ नाहीच. काकी उंचीला अगदी त्यांच्याएवढ्या. दोघं शेजारी उभी राहिली की भाऊ-बहीण वाटायची. माझ्याशी दोघं मुंबईचं मराठी बोलत आणि एकमेकांशी मालवणी. भांडण असलं की मालवणीचा वेग इतका वाढायचा की मला निम्मंच कळायचं. मी त्या घरात राहायला गेले तेव्हा मात्र त्यांच्यात भांडणही नव्हतं. दोघं एकमेकांशी बोलतच नव्हती.

कारण मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण काकींना ते कुणालातरी सांगायचंच होतं. त्यांना एकच मुलगा, सुहास. ताडमाड उंच. कुणावर गेला होता कुणास ठाऊक. तात्यांनी कारखान्यात साहेबाच्या हातापाया पडून त्याला शिकाऊ म्हणून चिकटवला होता. तो महिनोन्‌महिने डबा घेऊन सकाळी घरातून निघायचा आणि कारखान्यात जायचाच नाही. जुहूच्या एका हॉटेलात, आतल्या मोठ्या किचनमध्ये, कांदे सोलायला राहिला होता. त्याला आचारी व्हायचं होतं. लहानपणापासून काकींच्या मागे मागे करायचा, घावने काकींपेक्षा पातळ काढायचा.

तात्यांना हे कळलं ते कारखान्यात, चारचौघांत. घरी येऊन ते काय बोलले ते काकी जसंच्या तसं सांगत आणि सांगताना दरवेळी पदर तोंडाला लावत.

"म्हणाले, माझा पोरगा बायकांसारखा चुलीपुढे बसणार? सुहास म्हणाला, तात्या, तिथे बसून नाय करत, उभ्याने करतात. एवढंच बोलला गं तो. मग यांनी फाटक उघडून धरलं. म्हणाले, जा, आणि परत या घरात पाय ठेवलास तर बघ."

पोरगा गेला. हॉटेलात चौकशी केली तर नोकरी सोडून गोव्याकडे कुठेतरी गेला म्हणाले. पत्र नाही, निरोप नाही. काकींनी गावच्या देवाला नवस बोलला की सुहास परत येईपर्यंत माझ्या चुलीवर मासा शिजणार नाही.

मालवणी घरात मासा शिजणार नाही म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना समजावून सांगता येणार नाही. एखाद्या घरात दिवा लावणं बंद व्हावं तसं ते आहे. तात्या आठवडाभर दुधी आणि पडवळ गिळत राहिले. मग एका रविवारी ते मरोळच्या बाजारातून बांगडे घेऊन आले, परसात गेले, तीन विटा मांडल्या आणि त्यावर टोप चढवला.

काकी मागच्या दारात उभ्या राहिल्या. तात्या त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "नवस तू केलंस. मी करूक नाय."

त्यानंतर दर रविवारी हा सोहळा चालू झाला. जन्मात ज्या माणसाने पाण्याचा पेलाही स्वतः भरून घेतला नव्हता तो मासे करायला बसायचा. पहिल्या काही आमट्या तर मांजरानेही सोडल्या. तात्यांचा धीर दांडगा, ते सगळं खात. पाऊस सुरू झाला तेव्हा एका हातात छत्री आणि एका हातात डाव, अशी त्यांची मूर्ती मी खिडकीतून बघत असे. विटा भिजत, धूर होई, तात्या खोकत. काकी आतून सगळं ऐकत आणि काहीतरी जोराने आपटत.

एका रविवारी त्यांना राहवलं नाही. माझ्या खिडकीशी येऊन त्या मला म्हणाल्या, "ताई, त्यांना सांगा. तिरफळं वाटणात वाटायची नसतात. शेवटी ठेचून वर टाकायची असतात."

तात्या चार हातांवर बसले होते. त्यांना स्वच्छ ऐकू गेलं होतं. तरी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय म्हणते ती?"

मी निमूटपणे निरोप पोचवला. असं बरेच महिने चाललं. मीठ, चिंच, खोबरं, सगळं माझ्यामार्फत गेलं. शाकाहारी घरातली मी, पण बांगड्याच्या आमटीत काय कधी पडतं ते मला आजही तोंडपाठ आहे. बोलत नव्हती तरी तेव्हा ती दोघं बरी होती, असं मला नंतर वाटलं. खरं वाकडं झालं ते विटा आल्यावर.

दिवाळी होऊन गेली होती. शनिवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर फाटकाशी हातगाडी उभी आणि तात्या एकेक वीट वाजवून घेतायत. गाडीवाला वैतागून बिडी ओढत बसला होता. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, पण तात्यांनी कुणाकुणाकडून उरलीसुरली अर्धी पोती गोळा केली होती. परसात पक्की चूल बांधायची होती. चार खांब, वर पत्रा, खाली विटांचा ओटा, ओट्यात दोन चुलवाणं, बाजूला लाकडं ठेवायला कोनाडा, धुराला धुराडं.

मला वाटलं, चला, छत्री गेली. मी काकींना तसं हसत म्हणालेही. काकींच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"तुम्हाला नाय कळायचं ते," त्या म्हणाल्या. "तीन विटांची चूल म्हणजे तो येईपर्यंतची. आज मांडली, उद्या मोडली. सिमेंटची चूल कोण बांधतं? ज्याला कायमची हवी असते तो."

मग मला कळलं. त्या घरात मासा बाहेर शिजत होता तो सुहास यायचा होता म्हणून. बाहेरची चूल कच्ची होती तोवर दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. आता तात्या विटा रचून सांगत होते की पोरगा काही येत नाही. निदान काकींनी तसं वाचलं, आणि मलाही दुसरं काही वाचता येईना.

तरी त्या गप्प राहिल्या असत्या, पण दुसऱ्या दिवशी पँटचं प्रकरण झालं. काकी बाजारातून लवकर परतल्या तर सुहासचं कपाट उघडं. तात्या परसात, हातात सुहासची पँट. तेव्हा जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका दुपारच्या आळीत फिरायच्या, नेमकी त्यांच्यातली एक फाटकापाशी हाळी देत होती. काकींनी पिशवी तिथेच टाकली. बटाटे परसभर घरंगळले. त्यांनी पँट हिसकावून घेतली, छातीशी धरली, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा नवऱ्याशी सरळ बोलल्या.

"पोराचे कपडे पण इकूक काढलास?"

मान नसलेला तो माणूस आणखीच आखूड झाल्यासारखा दिसला. मग तात्या नेहमीसारखे गुरगुरले, "तुका काय समाजता?"

"माका सगळा समाजता," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "आयका. ज्या दिवशी ह्यो ओटो पुरो होतलो, त्या दिवशी मी गावाक जातलंय. परत येवचंय नाय."

त्या दिवसापासून आमच्या परसात दोन कामं एकदम सुरू झाली. बाहेर तात्यांचा ओटा वर येऊ लागला आणि आत काकींची ट्रंक भरू लागली. पलंगाखालची हिरवी ट्रंक त्यांनी मधल्या खोलीत, येता-जाता ठेच लागेल अशी ओढून ठेवली होती. विटांचा थर चढला की ट्रंकेत एक लुगडं पडे. कधी देवघरातली समई जुन्या साडीत गुंडाळून जाई, कधी आईचा फोटो. तात्या जेवायला येताना ट्रंकेला वळसा घालून पाटावर बसत, समोर आलेलं दुधीचं जेवत आणि परत थापी उचलत. मी माझ्या नवऱ्याला म्हटलं, अरे, तू तरी बोल त्यांच्याशी. तो म्हणाला, घरमालकाच्या बायकोच्या भानगडीत भाडेकरूने पडायचं नसतं. पुरुषांची अक्कल.

तात्यांचं लक्ष ट्रंकेकडे नव्हतं असं नाही. तेही बिथरलेले होते, आणि ते सगळं त्यांनी बिचाऱ्या गवंड्यावर काढलं. गवंडी सज्जन होता. त्याने रीतसर कंबरेपर्यंत, म्हणजे तात्यांच्या कंबरेपर्यंत ओटा आणला आणि वर कडप्पा बसवायला हात झटकले.

"अजून वर," तात्या म्हणाले.

"शेठ, तुमच्यासाठी एवढाच बरोबर आहे."

"बरोबर नाय. अजून वर."

गवंड्याने एक थर चढवला. तात्यांनी ओट्याला पेर लावून आवाज ऐकला. "अजून."

"शेठ, टोपात काय शिजतंय ते दिसणार पण नाही तुम्हाला."

यावर तात्या इतके भडकले की त्यांनी त्याला थापीसकट घालवून दिला. जाताना तो माझ्या खिडकीकडे बघून डोक्याजवळ बोट फिरवून गेला. मीही मान हलवली, मला त्याचं पटलं होतं. पुढचे थर तात्यांनी स्वतः लावले. कारखान्यातून आले की कपडे न बदलता परसात. शेजारपाजारचे कुंपणावरून बघत आणि दात काढत. कोणी विचारलं, तात्या, हत्ती रांधणार काय? तात्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. पावसात परसात पाणी भरतं, चूल उंच पाहिजे. पाणी भरायचं हे खरं होतं, पण ते घोट्यापर्यंत भरायचं.

एकदा काकी देवळात गेल्या होत्या तेव्हा मी सरळ परसात गेले. ओटा तात्यांच्या छातीला आला होता. कडप्पा भिंतीला टेकवून ठेवलेला होता, तेवढाच बसवायचा बाकी होता.

"तात्या, काकी खरंच जाणार हां," मी म्हटलं. "ट्रंकेला कुलूप आणलंय त्यांनी."

"जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे? त्यांना वाटतंय सुहास येणार नाही म्हणून तुम्ही हे पक्कं बांधताय. नसेल तसं तर एक शब्द बोला ना. आणि बोलायचं नसेल तर काम थांबवा."

तात्या थापीवरचा माल खाली पडेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मी बोललो की काय होतं ते बघितलं ना सगळ्यांनी? एकदाच बोललो होतो."

"मग थांबवा."

"नाय. एक काम अर्धवट सोडलंय आधी. हे नाय सोडणार."

त्यांचे डोळे लाल होते, ते सिमेंटने असतील असं मी धरून चालले. मला त्यांचा खूप राग आला होता. एवढा आडमुठा माणूस मी माझ्या माहेरी पण पाहिला नव्हता, आणि माझ्या माहेरी आडमुठ्यांची कमी नाही.

ज्या दिवशी कडप्पा बसला तो रविवार होता. तात्यांनी सकाळीच दोन माणसं बोलावून तो उचलून घेतला, ती माणसं गेल्यावर ओल्या कापडाने पुसला, भुसा जाळून चुलवाणं कोरडी केली. त्याला चूल पेटवणं म्हणत नाहीत. नवी चूल पेटवायची तर घरच्या बाईने पेटवायची असते, हळद-कुंकू वाहून, पहिलं दूध उतू घालून. तोवर ती विटांची नुसती रास. हे तात्यांना ठाऊक होतं. ते लाकडं रचून, हात पुसून, मागच्या दाराकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनी हाक मारली नाही. नुसते उभे राहिले.

आतून ट्रंकेला कुलूप लावल्याचा आवाज आला. फाटकाशी रिक्षा येऊन थांबली. ती काकींनी समोरच्या पोराकडून मागवली होती. एस.टी.ची वेळ झाली होती. मी माझ्या दारात उभी होते आणि मला पुढेही जाववेना, मागेही. माझा नवरा भाडेकरूचा धर्म विसरून काकींना "अहो काकी, जरा बसा, पाणी तरी प्या" असं काहीतरी म्हणत होता. काकी त्याला म्हणाल्या, "माझा आडाळा तेवढा घेते. आईने दिलेला आहे."

आडाळा म्हणजे खोबरं खवायची विळी. तात्यांनी महिनोन्‌महिने ती परसात वापरली होती आणि आज ओटा आवरताना नव्या कडप्प्यावर, अगदी मागच्या बाजूला ठेवली होती. काकी परसात आल्या. तात्यांच्या अंगावरून, ते तिथे नाहीतच अशा गेल्या. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी हात लांब केला. आडाळा हाताला लागेना. त्या चवड्यांवर उभ्या राहिल्या, तरी लागेना. कडप्प्याची कड त्यांच्या छातीला लागली होती.

त्या तशाच थांबल्या. मला वाटलं, लागलं की काय त्यांना. मग त्यांनी लांब केलेला हात मागे घेतला आणि तळवा कडप्प्याच्या कडेवर ठेवला. तो तळवा तसाच उंचीवर धरून त्या एक पाऊल मागे आल्या आणि तिथे कुणी उभं असावं असं त्या हाताकडे आणि हाताच्या वर बघू लागल्या.

"ह्यो कोणाच्या मापाचो बांधलास?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी हातातलं ओलं फडकं दुसऱ्या हातात घेतलं.

"माज्या छातयेक लागता. तुमच्या पण लागता." त्यांचा आवाज फाटला. "माप खंयसून घेतलास?"

तात्या खाली बघत म्हणाले, "तेच्या पँटीवरसून."

बाहेर रिक्षावाल्याने भोंगा वाजवला. काकींनी पदर तोंडाला लावला, पण रडू काही पदरात मावलं नाही. तात्या जागचे हलले नाहीत, पण त्यांच्या हातातलं ओलं फडकं पिळलं जात होतं आणि पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं. मी दारात उभी राहून रडले, त्यात काही लपवण्यासारखं नाही. माझा नवरा रिक्षावाल्याला परत पाठवायला गेला, तेवढं एक काम त्याने त्या दिवशी शहाणपणाचं केलं.

बऱ्याच वेळाने काकींनी नाक पुसलं आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "दूध हाडा."

तात्या धावले. खरोखर धावले, त्या वयात, त्या देहाने. दूध आणलं, कुंकवाचा करंडा ट्रंकेत कुलुपबंद होता म्हणून माझा नेला. काकींचा हात चुलीपर्यंत पोचेना, तेव्हा मी माझ्याकडची सफरचंदाची रिकामी लाकडी पेटी दिली. त्यावर चढून काकींनी चूल पेटवली. दूध वर आलं, उतू गेलं, कडप्प्यावरून ओघळलं. काकी तात्यांना म्हणाल्या, "आधी सांगूक काय होता?"

तात्या म्हणाले, "माका सांगूक येणा नाय."

एवढंच. त्यानंतर त्या घरात बोलणं सुरू झालं, म्हणजे भांडणं सुरू झाली. नवस नवसाच्या जागी राहिला; परसातली चूल तात्यांची, आतली काकींची. काकींनी माशाला हात लावला नाही, की तोंडी घातला नाही. त्या पायरीवर बसून सूचना करत, तात्या पेटीवर उभं राहून रांधत. माझी मध्यस्थाची नोकरी गेली. सुहासचं नाव मात्र आता दोघं घेत. शेजारच्यांपैकी कुणी परत हत्तीचं विचारलं की काकीच अंगावर जात.

आम्ही पुढे बोरिवलीला स्वतःच्या जागेत गेलो. जाणं-येणं कमी होत गेलं, जसं सगळ्यांचं होतं. दोन-तीन वर्षांनी एकदा अंधेरीला काम निघालं म्हणून मी वाट वाकडी करून गेले. आजूबाजूला इमारती आणखी उंच झाल्या होत्या. फाटक उघडून बाजूने सरळ परसात गेले. तात्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. मी काही विचारायच्या आत त्यांनी डाव्या हाताच्या पेराने ते वाजवून दाखवलं.

काकी म्हणाल्या, "पेटीवरून पडले. दुसऱ्यांदा. मागे गुडघा फोडून घेतला. आता तुम्हीच सांगा यांना काय ते."

सुहासचं मी विचारलं नाही. परसात येतानाच मागच्या उघड्या दारातून आतल्या खुंटीवर त्याची ती पँट दिसली होती, धुऊन, इस्त्री करून टांगलेली. काकी ती दर दिवाळीला धूत असत, हे मला पुढे कुणाकडून तरी कळलं.

मी माझ्या पद्धतीने ओरडले. म्हटलं, "तात्या, वय काय तुमचं? पेटीवर कसले चढताय रोज? ओटा खाली घ्यायचा नसेल तर नका घेऊ. पण ओट्यासमोर दोन विटांची एक पायरी तरी बांधून घ्या ना पक्की. दोघांची सोय होईल. सिमेंट आता कुठेही मिळतं."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अगदीच खुळचट बोलले होते.

"पायरी बांधली तर तो आल्यावर उभा कुठे राहणार? पायरीवर? मग ओटा त्याच्या मांडीला लागेल. कंबरेतून वाकावं लागेल त्याला. दिवसभर हॉटेलात उभा राहून आलेला माणूस तो." मग म्हणाले, "पेटीचं काय. तो आला की उचलून बाजूला ठेवायची."

काकींनी मान हलवली. मला वाटलं त्या माझ्या बाजूने बोलतील, पण त्या म्हणाल्या, "ते बरोबर आहे ताई."

मी चहा घेतला. निघताना वळून बघितलं. तात्या प्लास्टरचा हात पोटाशी धरून पेटीवर चढत होते, डाव्या हाताने टोपातलं ढवळायला. पेटी जुनी झाली होती, डुगडुगत होती. काकी पायरीवरून उठून आल्या, मासळीच्या वाफेपासून तोंड एका बाजूला वळवलं, एक पाय पेटीच्या कडेवर घट्ट रोवला आणि नवऱ्याच्या कमरेला मागून हात लावून उभ्या राहिल्या.